दौंड कमी, केडगाव जास्त

हेडफोन घ्यायचा ठरवला तेव्हा मी फार विचार केला नव्हता. (फार विचार मी कधीच केलेला नाही. नववीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले, "घरी जाऊन विचार कर, मग सांग." मी आधी सांगितलं, मग घरी गेलो. विचार करायचा राहून गेला तो गेलाच.) सणसवाडीच्या कंपनीतून सुटलो, शिरूरच्या स्टँडवर उतरलो, तर समोर रुद्र मोबाईल शॉपीच्या काचेवर कागद चिकटवलेला: 'नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. वायरची कटकट नाही. स्वस्तात मस्त.' कॅन्सल म्हणजे रद्द, एवढं मला एसटीमुळं ठाऊक आहे. नॉइज म्हणजे गोंगाट, ते कंपनीत आमच्या प्रेस शॉपच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. दोन्ही जोडलं आणि आत शिरलो.

मला एक आवाज रद्द करायचा होता. जनरेटरचा.

हे नीट सांगायला पाहिजे. माझा थोरला भाऊ, सुमितदादा, साऊंडवाला होता. लग्न, नामकरण, जयंती, सत्कार, शिरूर-चौफुला रस्त्यावर कुठंही माइक सरळ बोलला तर तो दादाचा समजायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जायचो. माझ्याकडं जनरेटर खातं होतं. टेम्पोतून उतरवायचा, डिझेल ओतायचं, हँडल मारायचं आणि तो चालू राहतोय ना ते बघायचं. (खात्यात मी एकटाच असल्यामुळं बढतीचा प्रश्न नव्हता.)

बाकीचे साऊंडवाले माइक तपासताना 'वन टू थ्री' म्हणतात. दादा गावं म्हणायचा. "हॅलो, शिरूर... न्हावरा... आंधळगाव... पारगाव... केडगाव... चौफुला... पाटस... दौंड." लोकांना वाटायचं गंमत करतोय. पण त्यात त्याचा हिशेब होता. 'शिरूर' म्हटलं की वरचा बारीक आवाज कसा येतोय ते कळतं. 'दौंड' म्हटलं की खालचा जाड आवाज कळतो. आणि माणसाचं बोलणं असतं मधे, केडगावात. त्याच्या मशिनच्या बटणांखाली इंग्रजी अक्षरं होती. त्यांच्यावर त्यानं पांढरी पट्टी चिकटवली होती आणि मार्करनं लिहिलं होतं: शिरूर, केडगाव, दौंड.

पावसाळ्याच्या तोंडाला दादाला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग आम्ही त्याला घेऊन आलो. त्याबद्दल मला विनोदी काही सुचत नाही, म्हणून पुढं जातो.

माझ्या फोनमध्ये त्याचा एक व्हॉइस मेसेज राहिला. शेवटचा. दौंडच्या एका लग्नात त्यानं स्टेजवरून मला पाठवलेला. मी तेव्हा पंगतीत होतो. एका हातानं मेसेज लावला, दुसऱ्या हातात जिलेबी. आधी त्याचं शिरूर ते दौंड झालं. मग तो म्हणाला, 'संघर्षा' (संघर्ष म्हणजे मी), आणि मग सगळा जनरेटर. घर्रर्र. मधेच 'लांब'. घर्रर्र. 'मला'. घर्रर्र. 'ध्यानात ठेव'. घर्रर्र. संपलं. मला काही कळलं नाही, म्हणून मी अंगठा पाठवला. (शाळेच्या दाखल्यावरसुद्धा मी सही केली होती. अंगठा दिला तो इथं.) नंतर विचारू म्हटलं. नंतर त्याला ताप आला.

दादा गेल्यावर मी तो मेसेज रोज ऐकायला लागलो. संघर्षा... लांब... मला... ध्यानात ठेव. आता तुम्हीच सांगा, काय अर्थ निघतो? जाणाऱ्या माणसाला आधी कळतं म्हणतात. दादाला कळलं होतं की आपल्याला लांब जायचंय, आणि भर लग्नात, स्टेजवर उभा राहून, तो मला सांगून गेला. आईला सांभाळ, वहिनीला अंतर देऊ नको, असं काहीतरी मोठं. आणि मी जिलेबी खात अंगठा दिला. आता मधली घर्रर्र तेवढी काढायची होती. दादा शेवटचं काय बोलला, एवढं कळलं की मला झोप लागली असती.

म्हणून मी रुद्रशेठच्या दुकानात उभा होतो.

"आवाज जातो का ह्याच्यात?" मी विचारलं.

"जातो म्हंजी? सगळा जातो."

"जाड आवाज?"

"जाडच आधी जातो. त्याला कंपनीनं तसंच बनवलंय."

"जनरेटरचा?"

"अरे, इमानाचा जातो ह्याच्यात. जनरेटर काय घेऊन बसलास!"

मी कधी विमानात बसलो नाही, रुद्रशेठही बसला नसावा. पण दोघांनाही पटलं. जनरेटर नक्की कुठं आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी येऊन हेडफोन कानावर चढवला. कानात एक बाई इंग्रजीत म्हणाली, "कनेक्टेड." बरं वाटलं. मी खाटेवर टेकलो, तर म्हणाली, "डिस्कनेक्टेड." उठलो, "कनेक्टेड." असं बराच वेळ चाललं. मग लक्षात आलं की फोन उजव्या खिशात असला तर बाई खूश असते, डाव्या खिशात ठेवला की रुसते. (माझ्याशी एवढं सलग बोललेली ही पहिलीच बाई. तीही कनेक्टेड आणि डिस्कनेक्टेडच्या पलीकडं गेली नाही.)

मग नॉइज कॅन्सलिंगचं बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा गेला. म्हणजे फिरत होता, पण आवाज गेला. शेजारची पिठाची गिरणी गेली. फक्त वहिनी चटणी करत होती तो मिक्सर राहिला, आणि कुत्रं राहिलं. मी दादाचा मेसेज लावला.

इतका स्वच्छ जनरेटर मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यातला सैल झालेला नट कळत होता. सायलेन्सरला पडलेलं भोक कळत होतं. स्वस्तातल्या हेडफोनात म्हणे जाड आवाज मुद्दाम वाढवून देतात, गिऱ्हाइकाला भरल्यासारखं वाटावं म्हणून. दादाचं 'शिरूर' निघालं तेच दौंडासारखं. न्हावरा, केडगाव, चौफुला, सगळीकडं दौंडच. आणि नंतर तो 'संघर्षा' म्हणाला ते गव्हाच्या पोत्यातून हाक मारल्यासारखं.

मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकत होतो. डोळे उघडले तर आई समोर उभी. तिचे ओठ हलत होते.

"व्हय," मी म्हणालो. (ऐकू न आल्यावर हेच म्हणावं. कंपनीत साहेबांशी माझं असंच चालतं.)

ओठ पुन्हा हलले.

"व्हय, व्हय."

आईचा चेहरा बदलला. तिनं वहिनीला हाक मारली असावी, कारण वहिनी हात पुसत आली. आईनं माझ्या कपाळाला हात लावला, डोळ्याची पापणी खाली ओढून आत बघितलं. तेव्हा मी हेडफोन काढला.

"काय झालं?"

"म्या इचारलं भाकरी टाकू का, तर व्हय म्हणालास. किती टाकू, तर व्हय. बरं न्हाई का तुला, तर व्हय व्हय! डोळं पिवळं दिसतात का गं, शितल?"

"न्हाई, आत्या. डोळं पांढरंच हायत," वहिनी म्हणाली. "कानात काय घातलंय ते बघा की."

आईनं हेडफोन बघितला, मग मला बघितलं. "पुन्हा असं करू नको," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन पाठमोरी बसली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जाड झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी रुद्रशेठकडं. "शेठ, जनरेटर जात न्हाई. उलट वाढला."

त्यानं हेडफोन कानाला लावला, मेसेज ऐकला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हाही डोळ्याची पापणी ओढतोय.

"अरे, हा जनरेटर मेसेजाच्या आत हाय."

"मग?"

"हेडफोन बाहेरचा नॉइज काढतो, येड्या. आतला कसा काढल? आतला नॉइज काढायचं मशिन अजून निघालं न्हाई."

मी म्हणालो, निघालं की कळव.

हेडफोन परत घेणार नाही असंही तो म्हणाला, कारण त्यावर माझं तेल लागलं होतं. (केसाचं.)

पण मी असा सहजासहजी शहाणा होणारा माणूस नाही. मला वाटलं, बाहेर पूर्ण शांतता असेल आणि कान देऊन ऐकलं, तर शब्द सापडतील. शांतता कुठं मिळेल? आमच्या वस्तीत पावसाळ्यातल्या वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. सगळी वस्ती आत जाऊन बसते. म्हणजे बाहेर सगळी शांतता. चांगदेवमामा वाचतात. ते विहार कमिटीचे अध्यक्ष आणि त्यांचा आवाज असा की माइक नसला तरी चालेल, पण माइकशिवाय ते वाचत नाहीत. माइक आणि छतावरचा कर्णा दादानं विहाराला दिलेला, आणि लग्नाचं काम नसलं की त्याचं पट्टीवालं मशिनही तिथंच असायचं. तो गेल्यापासून बटणं वहिनी बघते.

त्या संध्याकाळी आई आणि वहिनी विहारात गेल्या. मी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलो. हेडफोन चढवला, कॅन्सलिंग चालू केलं. चांगदेवमामा गेले. कर्णा गेला. चिलटंसुद्धा गेली. मेसेज लावला.

काहीच नाही. ना शिरूर, ना दौंड.

आवाज वाढवला. नाही. फोन उजव्या खिशात घालून बघितला. नाही. बाई रुसली असेल म्हणून बटण दाबून बघितलं, ती काही बोललीच नाही. मी आवाज पार वर नेला आणि मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला. काही नाही. पुन्हा लावला. एवढी शांतता मला त्या हेडफोनात कधीच मिळाली नव्हती. मी मनात रुद्रशेठची माफी मागितली. नॉइज कॅन्सलिंग काय असतं ते आज कळलं.

समोरून आई पळत येताना दिसली. आई पळत नाही. गुडघ्यांमुळं ती भरभर चालतसुद्धा नाही. तिच्या मागं वहिनी, वहिनीच्या मागं शेजारच्या तुळजाबाई, आणि त्यांच्या मागं हातात चष्मा घेतलेले चांगदेवमामा. सगळ्यांचे ओठ हलत होते.

"व्हय," मी म्हणालो.

आईनं माझ्या कानावरचा हेडफोन ओढून काढला.

कर्ण्यातून, साऱ्या वस्तीवर, दादा बोलत होता. "...केडगाव... चौफुला... पाटस... दौंड. संघर्षा..." आणि जनरेटर.

झालं होतं असं की दादाच्या मशिनला ब्लूटूथ होतं आणि माझा फोन त्याला कधीकाळी जोडलेला. हेडफोनचा पत्ता सुटल्याबरोबर फोननं ओळखीचं घर धरलं. साऱ्या वस्तीला दादा ऐकू येत होता. नव्हता येत तो एकट्या मलाच. चांगदेवमामा नंतर म्हणाले, "पहिल्या टायमाला अंगावर काटा आला. दुसऱ्याला हात जोडलं. तिसऱ्या टायमाला म्हटलं, सुमित, बाबा, दौंडाच्या पुढं तरी जा आता!"

पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. आईनं माझा दंड धरला होता.

"कवापासून हाय हे तुझ्याकडं?"

"दौंडच्या लग्नापासून."

"आन् मला ऐकवलं न्हाईस?"

"त्यात काय न्हाई गं आई. जनरेटरच हाय."

"जनरेटर तर जनरेटर," आई म्हणाली. "चल. आत लाव."

आम्ही सगळे विहारात गेलो. लोक पुन्हा आपापल्या जागी बसले, आई अगदी पुढं. मी मेसेज लावला. दादाचं शिरूर ते दौंड झालं तोवर एक पोर रडलं नाही. मग संघर्षा, घर्रर्र, लांब, घर्रर्र, मला, घर्रर्र, ध्यानात ठेव, घर्रर्र. संपल्यावर कुणीतरी नाक ओढलं.

"मला वाटतं," मी म्हणालो, "दादाला आधीच कळलं हुतं. लांब चाललोय म्हणतोय."

"लांबचं म्हणतोय, पण सोयरिकीचं," तुळजाबाई म्हणाल्या. "लांबची पोरगी करू नको, मला पसंत न्हाई, असं. माझ्या भावाची नात कोरेगाव भीमाला हाय. किती जवळ बघ!"

"काय बाई तुम्ही! स्टेजवरून कोण सोयरीक बोलतं व्हय?" चांगदेवमामा म्हणाले. "हा विषय विहाराचा हाय. वायर लांब पडती, नवीन घ्या, असं तो कमिटीला म्हणतोय."

"मामा, पण मेसेज मला पाठवलाय."

"तुला पाठवलाय. पण विषय कमिटीचा."

"जरा गप बसता का सगळी?"

वहिनी बोलली होती. दादा गेल्यापासून ती एवढ्या मोठ्यानं बोललीच नव्हती. ती मशिनपुढं उकिडवी बसली होती. "आवाज गाडला गेला का आधी दौंड कमी करायचं, असं हे म्हणायचं," ती म्हणाली. "भावजी, परत लावा."

मी लावला. तिनं 'दौंड'चं बटण डावीकडं पार शेवटपर्यंत फिरवलं. जनरेटरचं पोट गेलं, नुसती साल राहिली. 'शिरूर' थोडं खाली घेतलं. आणि मग 'केडगाव' हळूहळू, दुधाखालचा जाळ वाढवावा तसं, वर आणलं.

दादा आमच्यात येऊन उभा राहिला.

"संघर्षा, तो जनरेटर लांब ने. कितींदा सांगू? स्टेजच्या बुडाशी आणून ठेवलाय, मला माझंच ऐकू येईना. पंगतीतून उठला का आधी ते कर. पुढल्या टायमाला तरी ध्यानात ठेव, गाढवा."

कर्णा चालूच होता. 'गाढवा' वस्तीतल्या सगळ्या पत्र्यांवर जाऊन आपटलं आणि परत आलं.

मी खाली बघत बसलो. एवढे दिवस निरोप शोधत होतो आणि निघाली तक्रार. तीही माझ्याच आळसाची. (जनरेटर जड असतो. मी तो टेम्पोपासून जवळ पडेल तिथं ठेवायचो, आणि टेम्पो स्टेजला लागलेला असायचा.) म्हणजे दादाला काहीही कळलं नव्हतं. तो कुठं लांबबिंब चालला नव्हता. पुढल्या टायमाला म्हणाला होता तो. पुढच्या लग्नाची सुपारी धरूनच बोलत होता. हे जास्त बरं की जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. 

आईनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, झालं, आता हिला कसं आवरायचं? पण पदर बाजूला झाला तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती.

"अस्संच म्हणायचा! अगदी अस्संच म्हणायचा माझा लेक," ती म्हणाली. "शितल, परत लाव गं. समदं नको. ते गाढवा तेवढं लाव."

वहिनीनं माझा फोन मागून घेतला आणि 'गाढवा' तेवढं लावलं. मग आईनं म्हटलं म्हणून पुन्हा लावलं. मग धुरपदामावशी उशिरा आल्या, त्यांना ऐकू आलं नव्हतं, म्हणून पुन्हा. मग वहिनीला स्वतःला हवं म्हणून पुन्हा. माणसाला गाढव म्हणतात, पण बहुतेक घरातल्या घरात. मला विहारातून, कर्ण्यावर, अध्यक्षांच्या उपस्थितीत म्हटलं गेलं.

"म्हंजी सोयरिकीचं काय न्हाई त्यात?" तुळजाबाईंनी विचारलं.

"न्हाई," वहिनी म्हणाली. "आन् आता हे ऐकल्यावर तुमची नात तयार हुईल का?"

तुळजाबाईंनी विचार केला आणि विषय काढून घेतला.

लग्नसराई सुरू झाली तेव्हा केडगावहून माणूस आला. सुमितभाऊंचं मशिन मिळेल का म्हणाला. मी नाही म्हणायच्या आत वहिनी हो म्हणाली. मशिनवर ती बसणार. माझं खातं तेच.

यावेळी मी ध्यानात ठेवलं. जनरेटर टेम्पोतून उतरवला आणि ढकलत ढकलत मांडवाच्या मागं, उसाच्या कडेला, वायर संपेपर्यंत लांब नेला. हँडल मारलं. वहिनी स्टेजवर उभी राहून 'हॅलो, शिरूर' म्हणाली, दौंडापर्यंत गेली आणि तिनं लांबून मला हात केला. दुपारचं ऊन होतं. मी बांधावर बसलो आणि हेडफोन चढवला. दौंड काढलेला मेसेज वहिनीनं मला पुन्हा रेकॉर्ड करून दिला होता, तो लावला. कॅन्सलिंगचं बटण दाबलं.

आणि जनरेटर गेला! शेजारी धडधडत होता, पण आवाज शून्य. रुद्रशेठ खोटं बोलला नव्हता. त्या बिचाऱ्या हेडफोनला पहिल्यांदाच बाहेरचा जनरेटर मिळाला होता. कानात फक्त दादा, मला गाढव म्हणणारा, स्वच्छ. मी डोळे मिटले. शांतता वाढतच गेली. मधे तर अशी शांतता आली की मी म्हटलं, वा, ह्याला म्हणतात माल.

खांद्याला कुणीतरी गदागदा हलवलं. डोळे उघडले तर वहिनी. तिच्या मागं डोक्याला फेटा बांधलेला, रागावलेला एक माणूस. दोघांचे ओठ हलत होते.

"व्हय," मी म्हणालो.

वहिनीनं हेडफोन काढला. जनरेटरचा आवाज तरीही आला नाही. तो कधीच बंद पडला होता. मी जागा लांबची धरली होती, कॅन टेम्पोतच राहिला होता, आणि टाकीतलं डिझेल संपून गेलं होतं. मांडवात नवरदेव प्रतिज्ञा म्हणत असताना मधेच माइक गेला, आणि नवरीच्या मामांचं म्हणणं पडलं की आमच्या बाजूला काहीच ऐकू आलेलं नाही, पोरानं सगळ्या प्रतिज्ञा पहिल्यापासून पुन्हा घ्याव्यात. फेटेवाले ते मामाच.

"भावजी," वहिनी म्हणाली, "जनरेटर लांब न्या म्हणालं हुतं. त्याच्याबरुबर तुम्ही बी लांब जाऊन बसा, असं न्हाई म्हणालं." आणि मग, दादाच्याच चालीवर, पुढचा शब्द.

तो मात्र मला शिरूरपासून दौंडापर्यंत स्वच्छ ऐकू आला.